हिंदी महासागरातील सुरक्षेची बातमी कशी वाचावी

हिंदी महासागरात काही घडले की बातमीत जहाजाचे नाव ठळक येते आणि ठिकाण मात्र ‘अरबी समुद्रात’ एवढ्यावर भागवले जाते. वाचकाने आधी ते ठिकाण शोधावे, कारण भारत तेथे नेमके काय करू शकतो, हे बहुतांशी ठिकाणावरच ठरते. नकाशावर लक्षद्वीपचे दक्षिण टोक असलेले मिनिकॉय बेट पाहावे. त्याच्या उत्तरेस नाइन डिग्री चॅनेल आहे, तर दक्षिणेस मालदीवच्या दिशेने एट डिग्री चॅनेल आहे. इराणच्या आखातातून आणि सुएझकडून मलाक्का सामुद्रधुनीकडे जाणारी मोठी वाहतूक या पट्ट्यातून जाते. हे ध्यानात घेतले की ६ मार्च २०२४ रोजी मिनिकॉयवर ‘आयएनएस जटायू’ हा नौदल तळ का कार्यान्वित झाला, हे वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वेकडे ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधल्या सिक्स डिग्री चॅनेलचे महत्त्वही असेच आहे.

ठिकाण सापडले की किनाऱ्यापासूनचे अंतर सागरी मैलांत मोजावे. एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार १२ मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र असते. या आर्थिक क्षेत्रातील मासळी, तेल आणि वायूवर किनारी देशाचा हक्क असतो, परंतु तेथून जाणाऱ्या परक्या जहाजांना नौकानयनाचे स्वातंत्र्य असते. म्हणून ‘भारतीय हद्दीत परकी युद्धनौका’ असा मथळा दिसला की हद्द म्हणजे १२ मैल की २०० मैल, हे आधी पाहावे.

एप्रिल २०२१ मध्ये ‘यूएसएस जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० मैलांवरून पूर्वपरवानगी न घेता गेली आणि अमेरिकी नौदलाने ते जाहीरही केले. भारताने १९९५ मध्ये करार मान्य करताना, आर्थिक क्षेत्रात परक्या लष्करी कवायतींसाठी संमती हवी, अशी भूमिका नोंदवली होती; अमेरिकेने तर हा करार आजवर मंजूरच केलेला नाही. ‘मलबार’ या संयुक्त नौदल कवायतीत अमेरिका आपली सहकारी असली, तरी या एका मुद्द्यावर भारताची भूमिका चीनच्या भूमिकेला अधिक जवळची आहे. हा पेच माहीत नसेल, तर अशा प्रसंगी परराष्ट्र मंत्रालयाने जपून केलेले निवेदन उगाच कचखाऊ वाटते.

त्यानंतर जहाजाची चौकशी करावी. ध्वज कोणाचा, मालक कोण, खलाशी कोठले आणि माल कोठे चालला होता, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. २३ डिसेंबर २०२३ रोजी ड्रोनहल्ला झालेल्या ‘केम प्लूटो’ या टँकर जहाजाचे उदाहरण घ्यावे. ध्वज लायबेरियाचा, मालकी जपानी, संचालन नेदरलँड्समधून, एक सोडून सर्व खलाशी भारतीय, प्रवास सौदी अरेबियाहून मंगळूरकडे आणि हल्ल्याचे ठिकाण भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २०० मैलांवर. कायद्याने जहाजावर पहिला अधिकार ध्वजाच्या देशाचा, परंतु जिवाला धोका भारतीयांच्या. तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने सोबत करून ते जहाज मुंबईत आणले आणि नौदलाच्या स्फोटकतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली.

हल्ल्याचे ड्रोन इराणमधून सोडले गेले, असे अमेरिकेने सांगितले. इराणने ते नाकारले. भारताने कोणाचेही नाव घेतले नाही. हल्लेखोरांना समुद्राच्या तळातूनही शोधून काढू, असे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह मुंबईत म्हणाले. नौदलाने अरबी समुद्रात विनाशिका तैनात केल्या. मात्र तांबड्या समुद्रातील जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेने उभारलेल्या आघाडीत भारत सामील झाला नाही. जानेवारी २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तेहरानला गेले, तेव्हा जहाजांवरील हल्ल्यांबरोबर इराणमधील चाबहार बंदराचीही चर्चा झाली. सरकारी निवेदनात कोणाचे नाव टाळले आहे, हे वाचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे, कारण परराष्ट्र धोरण पुष्कळदा त्या टाळण्यातच असते.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ छोट्या शेजाऱ्यांच्या राजकारणाला द्यावा आणि नेमके तेच आपल्याकडे सर्वांत कमी वाचले जाते. उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग घेणारे चीनचे ‘युआन वांग ५’ हे जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरात आले, तेव्हा भारताची नाराजी असूनही श्रीलंकेने अखेर परवानगी दिली. कर्जात बुडालेल्या देशाला कोणालाच दुखवणे परवडत नव्हते आणि ते बंदर २०१७ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे होते. मालदीवमध्ये मोहम्मद मुइझ्झू २०२३ ची निवडणूक भारतीय सैनिकांना परत पाठवण्याचे आश्वासन देऊन जिंकले. मे २०२४ पर्यंत सैनिक परतले, त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले आणि रुग्णांची ने-आण करणारी हेलिकॉप्टरे व डॉर्नियर विमान तेथेच राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परकीय चलनाच्या टंचाईत सापडलेल्या मालदीवला भारताने चलन-अदलाबदलीची मोठी मदत दिली. भारताने तेव्हा चिडून हात आखडता घेतला असता, तर ती जागा दुसऱ्या कोणी भरली असती. अशा देशांची कर्जफेड, निवडणूक आणि मच्छीमारांचे प्रश्न यांच्या बातम्या पाणबुड्यांच्या बातम्यांइतक्याच गांभीर्याने वाचाव्यात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने बंगालच्या उपसागरातील वादग्रस्त क्षेत्राचा मोठा भाग बांगलादेशाला दिला आणि भारताने तो निर्णय मान्य केला. सागरी कायद्याबाबत भारताच्या शब्दाला वजन येते ते अशा वागण्यामुळे.

शेवटी, घटना संपली तरी बातमी सोडू नये. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘आयएनएस कोलकाता’च्या नेतृत्वाखाली चाळीस तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ हे सोमाली चाच्यांनी पळवलेले माल्टाच्या ध्वजाचे जहाज सोडवले. हवाई दलाच्या सी-१७ मालवाहू विमानातून नौदलाचे ‘मार्कोस’ कमांडो समुद्रात उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि त्यांत एकही भारतीय नव्हता. शरण आलेल्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. खुल्या समुद्रातील चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदा भारताने २०२२ मध्येच केला आहे. त्याआधी असे खटले सामान्य फौजदारी कायद्याच्या आधारे ओढूनताणून चालवावे लागत. चाच्यांना पकडणे नौदलाच्या हाती असते, परंतु साक्षीदार खलाशी आपापल्या देशांना परतल्यावर पुरावा उभा करण्याचे काम सरकारी वकिलांवर येते. त्यामुळे ‘रुएन’सारख्या मोहिमेची बातमी वाचल्यावर मुंबईच्या न्यायालयात पुढे काय होते, याकडेही लक्ष ठेवावे, मग ती बातमी आतल्या पानावर एका परिच्छेदाची का असेना.