तळघरातली अळिंबी : थंडावा फुकट, हवा मात्र कमवावी लागते

पहिल्या दिवशी हातात टोपली मिळेल आणि आपण अळिंबी, म्हणजे मशरूम, तोडू, अशी माझी कल्पना होती. हातात आला फरशी पुसायचा मॉप. पुढचे दोन आठवडे तोच सोबती. जमिनीखालच्या शेतात काम शिकायला निघालेल्यांना हे आधीच सांगून ठेवतो, कारण या कामाचा निम्मा भाग धुणं-पुसणं आहे आणि ते कुणी फोटोत दाखवत नाही.

आमचं शेत म्हणजे वापरातून गेलेलं, दोन मजले खोल पार्किंग. ऐकणाऱ्याला हे फार नवीन वाटतं. पण पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातच चुनखडीच्या सोडून दिलेल्या खाणींत, घोड्याच्या लिदीवर बटन अळिंबी पिकवली जायची. फ्रेंच माणूस आजही तिला ‘पॅरिसची अळिंबी’च म्हणतो. त्याच शहरात २०१७ मध्ये निवासी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ‘ला कावेर्न’ हे सेंद्रिय शेत सुरू झालं. या जागांचं आकर्षण एकच : तापमान वर्षभर फारसं हलत नाही. तो थंडावा आयता मिळतो. बाकी सगळं आपल्याला करावं लागतं, आणि त्यात सगळ्यात अवघड हवा.

हे मला पहिल्याच तोड्याला कळलं. धिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर मशरूमचे, देठ बोटभर लांब आणि टोप्या शर्टाच्या गुंड्यांएवढ्या. आम्ही स्पॉनला, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याला, दोष दिला, मग पाण्याला, मग ती ज्यावर वाढते त्या काडाला, म्हणजे पेंढ्याला. तिथे बरीच वर्षं काम करणाऱ्या एका बाईंनी काही न बोलता कार्बन डायऑक्साइडचा मीटर मधल्या रॅकवर ठेवला. आकडा २,४०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,४०० भाग! बाहेरच्या हवेत तो चारशेच्या थोडा वर असतो आणि धिंगरीला कोंब फुटल्यावर हजाराच्या आत ठेवावा लागतो. अळिंबी आपल्यासारखीच श्वास घेते. कोंडल्यावर ती ताज्या हवेच्या शोधात मान लांब करते. ओलावा टिकावा म्हणून रात्री पंखा बंद ठेवायचा ‘शहाणपणा’ माझा होता.

तळघरातली खरी ओढाताण ही आहे. कोंबांना ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी, आणि पंखा लावला की ओलावा बाहेर पडतो. फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारं यंत्र, सतत चालवला तर भिंती घामेजतात, छतावरून थेंब पडतात, टोप्यांवर पिवळे-तपकिरी डाग येतात. आम्ही शेवटी पंखा थोड्या थोड्या वेळाने चालवायला लागलो आणि त्यामागून लगेच फॉगर. नेमकी किती मिनिटं, ते तुमच्या खोलीवर ठरेल, त्यामुळे माझे आकडे उतरवून घेऊ नका. मीटर मात्र पहिल्या दिवसापासून वाचायला शिका. तो तुमच्यासाठीही आहे : पंखा बंद पडलेल्या खोलीत एकट्याने उतरायचं नाही.

अंधाराचंही तसंच. अळिंबीला अंधार लागतो असं सगळे म्हणतात. बटनला उजेडाची गरज नाही हे खरं. बेड, म्हणजे काड आणि स्पॉनचे थर, भरल्यावर पंधरा-वीस दिवस बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांची जाळी पसरते, तेव्हा धिंगरीलाही अंधार चालतो. पण नीट टोपी धरायला तिला रोज काही तास वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड लागतो.

आता ‘सेंद्रिय’ या शब्दाबद्दल, कारण नवी माणसं इथे हमखास गोंधळतात. खत घातलं नाही, फवारलं नाही, म्हणजे सेंद्रिय झालं असं नाही. काड निर्जंतुक करायची सोपी पद्धत म्हणजे फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिम या रसायनांच्या पाण्यात भिजवणं. ती इथे बाद. उरतं गरम पाणी किंवा वाफ. आम्ही ६५ ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर काड ठेवायचो, आणि ते काम जमिनीवर करायचो, कारण एवढी वाफ आणि सांडपाणी तळघरातून बाहेर काढणं म्हणजे दुसरा धंदाच. मग निथळवायचं. मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर बेड आतून कुजणार.

कॉफीच्या चोथ्यावर अळिंबी ही कल्पना तरुणांना फार आवडते. चोथा ताजा असेल तर जमतंही, शिळा झाला की त्यावर दुसरीच बुरशी आधी घर करते. पण कॉफीच सेंद्रिय नसेल तर? वाया जाणारं वापरणं आणि सेंद्रिय असणं या वेगळ्या गोष्टी. युरोपीय महासंघाच्या २०१८/८४८ या नियमावलीत अळिंबीचं माध्यम कशाकशाचं असावं हे वेगळं दिलंय. लाकूड वापरलं तर तोडणीनंतर त्यावर रसायन लागलेलं चालत नाही. याच नियमावलीत मातीविना पाण्यावर वाढवलेल्या पालेभाज्यांना सेंद्रिय म्हणता येत नाही. तळघरात अळिंबीच का, याचं हे एक व्यावहारिक उत्तर.

रसायन नाही म्हटल्यावर हातात उरतो तो मॉप. हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, दिसलेला बेड मी एकदा ‘आत काय झालंय बघू’ म्हणून तोडणीच्या खोलीतच उघडला. दहा दिवसांत शेजारची अख्खी रांग हिरवी. तेव्हापासून माझी सकाळची वाट ठरली : आधी स्पॉन भरायची खोली, मग जाळीची, मग तोडणीची, शेवटी खराब बेड. उलट फिरायचं नाही, विसरलेली चावी घ्यायलासुद्धा नाही.

धिंगरीच्या बीजाणूंना हलकं घेऊ नका. टोप्यांच्या कडा वर वळायच्या आत तोडा, नाहीतर सकाळी खोलीत पांढरी धूळ तरंगते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो. मला तिसऱ्या महिन्यात रात्रीचा खोकला लागला तेव्हा मी साधा कापडी मास्क वापरत होतो. बारीक कण अडवणारा मास्क मागून घ्या, लाजू नका.

मुलाखतीला गेलात तर दोन-तीन गोष्टी आवर्जून विचारा. मास्क कोण देतं? वीज गेली तर पंख्यांचं काय? जागा आधी पार्किंग असेल तर जुना रंग, तेल, धूळ यांची तपासणी झाली का? अळिंबी जड धातू शोषून घेते, म्हणून हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. आणि दोन-तीन तोडे झाल्यावर वापरलेलं काड कुठे जातं, लिफ्ट चालू आहे का, हेही. आमच्याकडे ती सहा आठवडे बंद होती. ओलं काड दोन मजले वर चढवायला कुणाला धरलं असेल, ते ओळखा.