‘घरून काम’ फायद्याचं की तोट्याचं? संशोधनाचा दाखला देताना या चुका टाळा

ऑफिसला परत बोलवायचं की घरून काम चालू ठेवायचं, या मीटिंगमध्ये हमखास दोन स्लाइड येतात. एचआरच्या स्लाइडवर ‘उत्पादकता १३ टक्के वाढते’, साहेबांच्या स्लाइडवर ‘१८ टक्के घटते’. दोन्हींखाली नामांकित विद्यापीठाचं नाव. आणि दोन्ही आकडे खरे! मग जो पदाने मोठा त्याचा आकडा जिंकतो.

आकडा उचलला, माणसं तिथेच राहिली

१३ टक्के आले शांघायहून. सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये डिसेंबर २०१० पासून नऊ महिने प्रयोग चालला. घरून काम करायला कोण तयार आहे, असं आधी विचारलं. तयार झालेल्यांतून किमान सहा महिने नोकरी झालेले, घरी ब्रॉडबँड आणि स्वतंत्र खोली असलेले २४९ जण पात्र ठरले. जन्मतारीख सम असेल तो घरी, विषम असेल तो ऑफिसात. घरी म्हणजे तरी काय, आठवड्यातले चार दिवस. पाचव्या दिवशी ऑफिस होतंच. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ साली प्रसिद्ध केलं. त्या १३ पैकी ९ टक्के आले ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, उरलेले ४ दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे.

१८ टक्क्यांची घट आहे चेन्नईतली. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात डेटा एंट्रीसाठी घेतलेल्या नव्या माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं घरी किंवा ऑफिसात बसवलं. घटीचा दोन तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी दिसला. बाकीचा फरक पडला, कारण ऑफिसातली माणसं काम लवकर शिकली.

दोन्हीकडे एकट्याने करायचं, मोजता येणारं काम. म्हणजे ‘कामाचा प्रकार वेगळा’ म्हणून सुटका होत नाही. एकीकडे कामात मुरलेली, स्वतंत्र खोली असलेली माणसं, दुसरीकडे नवखी. तुमच्याकडे यंदा भरती झालेले फ्रेशर असतील, तर शांघायचा आकडा त्यांना लावू नका.

‘ज्याला हवं त्याला द्या’ म्हणून मोकळं होणं

ही चूक भल्या हेतूने होते, म्हणून जास्त फसवते. शांघायमध्ये प्रयोग संपल्यावर सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली. निम्म्याहून अधिक जणांनी आपली जागा बदलली. घरी एकटं पडल्यासारखं वाटणारे ऑफिसात परतले. फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. आवडीप्रमाणे निवड, उत्तम निकाल.

चेन्नईत मात्र उलटंच. ज्यांना घरून काम हवं होतं, त्यांचंच काम घरी जास्त घसरलं: २७ टक्के. ऑफिस हवं असणाऱ्यांचं १३ टक्केच. शिवाय घरून काम मागणारे मुळात जास्त वेगवान आणि अचूक होते! लहान मुलं, घरातल्यांची देखभाल, गरिबी असलेल्यांमध्ये ही दरी अधिक रुंद होती. तिथे घर ही आवड नव्हती, गरज होती. आपल्याकडच्या वन बीएचकेत सासू-सासरे, पहिलीतलं मूल आणि लॅपटॉप एकत्र नांदतात, तिथे हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. फॉर्मवर ‘घर की ऑफिस’ एवढंच विचारू नका. घरी दार लावून बसता येतं का, हेही विचारा. नसेल, तर जवळच्या को-वर्किंगमधली, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसातली, एक खुर्ची घेऊन देता येते का ते पाहा.

हायब्रिड आणि पूर्ण घरून यांची खिचडी

२०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास त्याच सीट्रिपमधला, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉममधला, पण १,६१२ कर्मचाऱ्यांचा, फक्त बुधवारी आणि शुक्रवारी घरून, बाकी दिवस ऑफिसात, म्हणजे हायब्रिड, असा. कामगिरीच्या मूल्यमापनात फरक शून्य, राजीनामे एक तृतीयांशाने कमी. शून्याची स्लाइड कोणी करत नाही, म्हणून हा निकाल मीटिंगमध्ये दिसत नाही. पण माणूस गेल्यावर नवा शोधून शिकवायला काय लागतं ते कोणत्याही टीम लीडला विचारा. लांबून येणाऱ्यांमध्ये राजीनामे विशेष घटले. रोज हिंजवडी गाठणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

सीट्रिपमधल्या या दोन्ही अभ्यासांचे एक लेखक जेम्स लियांग कंपनीचे सहसंस्थापक आहेत. ते लपवू नका. पण तेवढ्यावरून अभ्यास उडवूनही लावू नका, गट जन्मतारखेवर पाडलेले होते.

‘तास म्हणजे काम’ असं समजणं

शिकागो विद्यापीठाच्या बूथ बिझनेस स्कूलचे मायकेल गिब्ज आणि सहकाऱ्यांनी आशियातल्या एका आयटी कंपनीतल्या १० हजारांहून अधिक जणांची नोंद तपासली. घरून तास वाढले, काम किंचित घटलं, तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी उतरली. मीटिंग वाढल्या, सलग बसायला वेळ मिळेना. पण तो कोविडचा काळ होता, शाळाही बंद. तो आकडा आजच्या हायब्रिडला चिकटवणं अन्यायाचं आहे.

मग स्वतःच्या कंपनीत काय करायचं?

दोनशे-तीनशे माणसं असतील तर सम-विषम जन्मतारखेचा प्रयोग तुम्हीही सहा महिने करू शकता. काय मोजणार ते आधी लिहून ठेवा. बढत्याही मोजा: सीट्रिपमध्ये तेवढंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली होती. वीस-पंचवीस जणांच्या कंपनीने मात्र टक्केवारीच्या नादी लागू नये. गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांना फोन करून कारण विचारावं.