हळदीचं दूध, लसूण आणि ‘६२५’ची गोळी: या चुका टाळा

अँटिबायोटिक चालू असलं की ‘सोबत हळदीचं दूध घे, लवकर उतार पडेल’ असा सल्ला घरोघरी मिळतो. गोळी सिप्रोफ्लॉक्सासिनची असेल तर तो अंगाशी येतो. दुधातलं कॅल्शियम औषधाला आतड्यातच धरून ठेवतं आणि रक्तात कमी औषध पोचतं. हळद बिचारी निर्दोष. सिप्रो पाण्याबरोबर घ्या, दुधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीतही दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापासून अंतर हवंच.

दुसरी चूक ‘लसूण-हळदीने जंतू मरतात’ अशा बातम्या वाचून होते. लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले जंतू त्याने मरतात, हे खरं. पण बशीत व्हिनेगरनेही मरतात. रक्तात किती पोचतं हा खरा प्रश्न. हळदीतलं करक्युमिन तर आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. घसा धरला तर हळद-मिठाच्या गुळण्या जरूर करा, न्यूमोनियावर मात्र लसणाच्या पाकळ्या मोजत बसू नका.

काही द्रव्यं जंतू मारण्यापेक्षा मारणाऱ्याची वाट मोकळी करतात. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन हे जंतू मारणारं द्रव्य असतं, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू ते पंपाने बाहेर फेकतो. याच कुळातल्या झुडपांत तो पंप अडवणारं दुसरं द्रव्यही असतं, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं. निसर्गाची ही जोडी फार सुरेख आहे. म्हणून काढा प्यायला की अँटिबायोटिकची ताकद दुप्पट, हे गणित मात्र कुठेच सिद्ध झालेलं नाही.

मिरीचं उदाहरण बोलकं आहे. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची जम्मूची संस्था आणि कॅडिला फार्मा ही औषध कंपनी यांनी मिळून क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनला मिरीतल्या पायपरिनची जोड दिली. २००९ साली आलेल्या त्या गोळीत रिफाम्पिसिन ४५०ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि पायपरिन १० मिलिग्रॅम आहे. ही मात्रा चाचण्या करून ठरवलेली. घरी मिरी चावून टीबीची गोळी अर्धी करणं म्हणजे औषधाला न जुमानणारा टीबी ओढवून घेणं. पायपरिनमुळे फेनिटॉइन आणि थिओफिलिनचीही रक्तातली पातळी चढते. त्यामुळे फिट्सची किंवा दम्याची औषधं घेणाऱ्यांनी मिरीयुक्त करक्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. रश्शातल्या मिरीची काळजी नको.

असा एक नैसर्गिक मदतनीस मात्र आपल्यापैकी अनेकांच्या पोटात जाऊन आलेला आहे. मेडिकलवाले ज्याला नुसतं ‘६२५’ म्हणतात, त्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड असतं. हे ॲसिड स्ट्रेप्टोमायसिस क्लाव्ह्युलिजेरस हा मातीतला जिवाणू बनवतो. एकटं ते फारसं कामाचं नाही; पेनिसिलीन तोडणारं जंतूंचं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम ते निकामी करतं.

इथे चुकांची रांगच लागते. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५च्या (२५० अमॉक्सिसिलिन, १२५ क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड) दोन घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन ५००च राहतं, क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड मात्र दुप्पट होतं आणि जुलाबांची शक्यता वाढते. ‘स्ट्राँग आहे’ म्हणून साध्या सर्दीला मागून घेतली, तर विषाणूचं काहीच बिघडत नाही. उपाशीपोटी घेतली तर पोट कुरकुरतं. जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. ओलाव्याने क्लाव्ह्युलॅनिक ॲसिड बिघडतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा किती असतो हे सांगायला नको.

याच औषधाच्या मुलांसाठीच्या ड्राय सिरपमध्ये तर पाणी घालतानाच चूक होते. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून बाटली हलवली की पातळी खाली उतरते. मग पुन्हा खुणेपर्यंत भरायचं, हे बरेचजण विसरतात आणि औषध दाट होऊन डोस चुकतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि दर वेळी हलवूनच द्या. कोर्स डॉक्टरांनी सांगितला तितके दिवस पूर्ण करा. कालवल्यापासून सात दिवसांनी बाटलीत जे उरेल ते पुढच्या तापासाठी ठेवू नका, टाकून द्या.