विद्यावेतन, अधिछात्रवृत्ती आणि प्राप्तिकर विवरणपत्र: या चुका टाळा

संशोधक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीवर (फेलोशिपवर) कर लागत नाही, हे बहुतेकांनी ऐकलेले असते; घोळ होतो तो हे विवरणपत्रात उतरवताना. कोणी ती रक्कम दाखवतच नाही, कोणी पगार म्हणून दाखवतो, तर कोणी संगणकाने सुचवले म्हणून व्यावसायिक फी म्हणून दाखवून मोकळा होतो. तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे: पैसा कोणत्या स्वरूपाचा आहे हे मंजुरीपत्र वाचून ठरवायचे असते आणि ते आपण करकपातीच्या (टीडीएसच्या) नोंदीवरून ठरवतो.

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१६) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. या कलमात रकमेची कमाल मर्यादा नाही, देणारी संस्था सरकारीच असावी अशी अट नाही आणि खर्चाच्या पावत्यांची मागणीही नाही. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यासारख्या अनेक सवलती गेल्या, म्हणून हीसुद्धा गेली असावी असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे, कारण नव्या प्रणालीत वगळलेल्या सवलतींच्या यादीत कलम १०(१६) नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असला, तरी २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे.

मात्र ‘विद्यावेतन’ हा शब्द दिसला की रक्कम करमुक्त, असे मानू नये. आपल्याकडे हा एकच शब्द निवासी डॉक्टरांच्या मासिक रकमेला, कंपनीतील प्रशिक्षणार्थींच्या मोबदल्याला आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील ६,००० ते १०,००० रुपयांनाही वापरतात. शेवटच्या प्रकारात रक्कमच इतकी लहान आहे की दुसरे उत्पन्न नसल्यास कराचा प्रश्न उद्भवत नाही. इतर ठिकाणी एवढेच विचारावे, की पैसा शिकण्यासाठी मिळतो आहे की कामाच्या बदल्यात? पत्रात पीएच.डी.च्या नोंदणीचा, मार्गदर्शकाच्या प्रगती अहवालाचा उल्लेख असेल, तर ती शिष्यवृत्ती होय. सेवाशर्ती, भविष्यनिर्वाह निधी, राजीनाम्याची पूर्वसूचना असे विषय असतील, तर नाव काहीही असो, तो पगार आहे. ‘बार्टी’, ‘सारथी’ किंवा ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थांची पीएच.डी.साठीची अधिछात्रवृत्ती पहिल्या गटात बसते. एखाद्या संशोधन प्रकल्पावर नेमलेल्या सहायकाचे मानधन बहुधा दुसऱ्या गटात जाते. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांचे प्रकरण खरोखरच वादाचे आहे, कारण तेथे शिक्षण आणि रुग्णसेवा वेगळी करता येत नाही. संस्थेने पगारावरील कलम १९२ खाली करकपात करून फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचे प्रमाणपत्र) दिला असेल, तर त्याविरुद्ध भूमिका घेण्यापूर्वी जाणकाराचा लेखी सल्ला घ्यावा. मित्राच्या मित्राने परतावा मिळवला, हा आधार पुरेसा नाही.

सर्वांत जास्त त्रास होतो तो करकपातीच्या कलमामुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला ४,४४,००० रुपये. या रकमेवर लेखा विभागाने सवयीने व्यावसायिक फीसाठीचे कलम १९४-जे लावून १० टक्के कापले, तर ४४,४०० रुपये जातात आणि फॉर्म २६-एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावरच्या करकपातीच्या पत्रकात, विद्यार्थी एकदम ‘व्यावसायिक’ ठरतो. मग विवरणपत्र भरून देणारा व्यावसायिकांच्या अंदाजित नफ्याचे कलम ४४-एडीए सुचवतो: निम्मी रक्कम नफा दाखवा, कर शून्य, परतावा पूर्ण. हिशोबात ते जमते, पण कायद्यात बसत नाही. त्या कलमात वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म असे ठरावीक व्यवसाय आहेत. संतसाहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला त्या यादीत जागा नाही.

नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी सर्वसाधारण (विशेष दराने कर लागणारे सोडून) उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास कलम ८७-ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून ‘कुठेही दाखवा, काय फरक पडतो?’ असे हल्ली सर्रास म्हटले जाते. फरक त्या वर्षी पडत नाही, पुढे पडतो. अधिछात्रवृत्ती संपून वर्षाच्या मध्येच चांगल्या पगाराची नोकरी लागली आणि दोन्ही रकमा मिळून मर्यादा ओलांडली, की त्या वेळी अधिछात्रवृत्ती करमुक्त म्हणणाऱ्याने आदल्या तीन वर्षी तीच व्यावसायिक उत्पन्न म्हणून दाखवलेली असते. विसंगती स्वतःच्याच सहीची असल्यामुळे तिचे समर्थन करणे अवघड जाते.

योग्य रीत अशी आहे. रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात कलम १०(१६) निवडून दाखवावी. ही जागा आयटीआर-१ या सर्वांत साध्या विवरणपत्रातही आहे. कापलेला कर त्याच विवरणपत्रात मागावा. वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, त्या नोंदीवर ‘हे उत्पन्न करपात्र नाही’ असा अभिप्राय नोंदवता येतो, तो नोंदवावा. कापलेला कर मागितला आणि रक्कम कुठेच दाखवली नाही, तर विवरणपत्र सदोष असल्याची कलम १३९(९) ची नोटीस येऊ शकते. तिचे उत्तर १५ दिवसांत द्यायचे असते आणि त्यात मंजुरीपत्राच्या आधारे रक्कम करमुक्त का आहे ते स्पष्ट लिहावे; घाबरून ती रक्कम करपात्र करून टाकू नये. शक्य असेल तर संस्थेच्या लेखा विभागाला करकपातीचे विवरण दुरुस्त करण्याची लेखी विनंतीही करावी. त्यासाठी चार खेटे घालावे लागतात, पण पुढच्या वर्षीचा मनस्ताप वाचतो.

करकपात थांबवण्यासाठी फॉर्म १५-जी (आपल्यावर कर लागत नसल्याचे घोषणापत्र) भरून देणे ही आणखी एक रूढ चूक आहे. तो फॉर्म ठेवीवरील व्याजासारख्या उत्पन्नासाठी आहे, कलम १९४-जे साठी चालत नाही. रुजू होताना पॅन दिला नाही, तर कपात २० टक्क्यांनी होते आणि ती आपल्या नावावर दिसतही नाही.

‘उत्पन्न करमुक्त आहे, मग विवरणपत्र कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण वर्षभरात २५,००० रुपये किंवा अधिक करकपात झाली असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. वरच्या उदाहरणातील ४४,४०० रुपये त्या रेषेच्या बरेच वर आहेत. शिवाय परतावा विवरणपत्राशिवाय मिळत नाही. मुदत उलटल्यावर भरता येणारे ‘अद्ययावत विवरणपत्र’ परतावा मागण्यासाठी वापरता येत नाही, त्यामुळे तेथे उशीर म्हणजे पैसे सोडून देणे.

लहानसहान चुकांपैकी काही नेमाने आढळतात. अधिछात्रवृत्तीबरोबर मिळणारा घरभाडे भत्ता तिचाच भाग असतो. त्यावर पगारदाराप्रमाणे वेगळी सूट मागू नये, तसेच तिच्यातून प्रमाणित वजावटही घेऊ नये. आकस्मिक खर्चाचे अनुदान बिले आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर मिळते, त्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. प्रकल्पाचे अनुदान संस्थेच्या खात्यात येत असेल तर ते मार्गदर्शकाचे उत्पन्न नव्हे, त्यातून त्यांना मिळालेले मानधन मात्र आहे. साठवलेल्या अधिछात्रवृत्तीची मुदत ठेव केली, तर मूळ रक्कम करमुक्त असली तरी तिचे व्याज करपात्र आहे, आणि बँक ते एआयएसमध्ये कळवतेच. पुरस्काराची रक्कम कलम १०(१७-ए) खाली येते आणि तेथे सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला पुरस्कार असावा लागतो, म्हणून ती कलम १०(१६) मध्ये मिसळू नये.

थकबाकीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे, कारण अधिछात्रवृत्ती आठ-दहा महिने रखडून एकदम जमा होणे नवलाचे राहिलेले नाही. नोकरी लागल्यानंतर जुन्या काळाची थकबाकी आली, तरी ती नव्या मालकाने दिलेला पगार होत नाही. ती शिष्यवृत्ती म्हणूनच दाखवावी. थकबाकीवरील सवलतीचा फॉर्म १०-ई पगाराच्या थकबाकीसाठी असल्यामुळे येथे त्याची गरज नाही.

परदेशातील संशोधन संपवून पुण्यात किंवा पणजीत परतलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. तिकडच्या बँकेतील खाते बंद न करता तसेच ठेवले असेल आणि आपण प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येनुसार भारताचे सर्वसाधारण निवासी झालो असू, तर खात्यात थोडेच युरो असले तरी आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मधील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खाते दाखवावे लागते, आणि तेथील माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची द्यायची असते.