ग्लायडर क्लबातली माणसं टिकवायची कशी: नोंदवही, पदकं आणि क्लबपत्रिका

कोकणच्या किनाऱ्यावर रेडिओ कंट्रोल ग्लायडर उडवायला लागणारं जवळपास सगळं निसर्गानेच दिलं आहे. दुपारी खारे वारे सुटतात, जांभ्याच्या कड्यावर आपटून वर चढतात आणि त्या चढत्या हवेवर बिनइंजिनाचं विमान तासन्‌तास तरंगतं. तरीही क्लब रोडावतात. नवा सभासद पहिल्या हंगामात दर रविवारी सड्यावर, म्हणजे कड्यामागच्या कातळपठारावर, हजर असतो, दुसऱ्या हंगामात महिन्यातून एकदा येतो आणि मग विमान माळ्यावर जातं. बहुतेक वेळा उडवण्याचा कंटाळा आलेला नसतो. अर्धा तास विमान हवेत ठेवता आलं की पुढे काय साधायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि जे साधलं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. हे दोन्ही क्लबाला थोड्या खर्चात करता येतं.

आधी नोंदवही

दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची एकच वही घ्या आणि ती विमानांच्या पेटीतच ठेवा. रकाने असे आखा: तारीख, जागा, पायलट, विमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, सोडल्याची वेळ, उतरल्याची वेळ, उतरण्याच्या खुणेपासूनचं अंतर, साक्षीदाराची सही, शेरा. बॉलपेन वापरा. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते आणि पावसाळ्यानंतर पान वाचता येत नाही. वही झिपच्या प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवली तर बुरशी आणि कसर दोन्ही लांब राहतात.

वाऱ्याचा रकाना लोक हमखास रिकामा सोडतात, आणि नोंदीचा अर्थ तर त्यावरच असतो. सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात काढलेला एक तास आणि ९ मीटर वाऱ्यात काढलेला एक तास यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हातातलं वायुवेगमापक कड्याजवळ, छातीच्या उंचीवर मिनिटभर धरा आणि सरासरी लिहा. झोताचा सर्वांत मोठा आकडा लिहू नका.

नोंद त्याच दिवशी, सडा सोडण्याआधी झाली पाहिजे. ‘पुढच्या रविवारी लिहू’ म्हटलं की वेळ आठवत नाही, साक्षीदार मुंबईला गेलेला असतो आणि वाद सुरू होतो. पान भरलं की त्याचा फोटो काढून संध्याकाळी क्लबाच्या ग्रुपवर टाका. जो आला नाही त्याला काय चुकलं ते कळतं, आणि ज्याचं नाव पानावर आहे ते त्याच्या घरच्यांनाही दिसतं.

मग शिडी

पूर्ण आकाराच्या ग्लायडरच्या जगात ही गोष्ट फार पूर्वीच उमगली. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या, म्हणजे एफएआयच्या, रौप्य बिल्ल्याला तीन अटी आहेत: ५ तास हवेत राहणं, १,००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर कापणं. चिकाटी, हवेची जाण आणि तळ सोडून जाण्याचं धाडस, अशी तीन वेगळी कौशल्यं त्यात तपासली जातात. मॉडेल ग्लायडरसाठी अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या लीग ऑफ सायलेंट फ्लाइटने पाच पायऱ्या आखल्या. वरच्या पायरीला थर्मलवर, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर, २ तास, उतारावर ८ तास आणि १० किलोमीटर दूरच्या ठिकाणी जाऊन परत येणं, अशा अवघड कामगिऱ्या आहेत. अशा कामगिऱ्यांत माणूस स्पर्धकाशी झुंजत नाही. तो कामगिरी पुरी करतो आणि साक्षीदाराची सही घेतो. लहान क्लबाला हीच पद्धत मानवते, कारण स्पर्धेत जिंकणारा एकच असतो आणि शिडीवर सगळेच चढू शकतात.

तुमच्या सड्याला साजेशी चार पायऱ्यांची शिडी करा. सुरुवातीला हा आराखडा चालेल.

पहिली पायरी: कड्यावर सलग १० मिनिटं, आणि खुणेपासून ५ मीटरच्या आत ३ वेळा उतरणं.
दुसरी: सलग ३० मिनिटं, ३ मीटरच्या आत ५ वेळा उतरणं, आणि उड्डाणापूर्वीची तपासणी न अडखळता तोंडी सांगणं.
तिसरी: सलग १ तास, सेकंदाला ५ मीटरपेक्षा कमी वाऱ्यात १५ मिनिटं, आणि एका नवशिक्याला पहिली पायरी पार करून देणं.
चौथी: सलग २ तास, ३ मीटरच्या आत १० वेळा उतरणं, आणि स्वतः बांधलेल्या किंवा मोडीतून उभ्या केलेल्या विमानाने यातली एक कामगिरी.

तिसऱ्या पायरीतली नवशिक्याची अट कधीही गाळू नका. अनुभवी माणसं आपापल्यात रमण्याचं आणि नवे लोक कडेला उभे राहण्याचं दुखणं त्या एका अटीने बरंच कमी होतं. पहिली पायरी मात्र दोन-तीन दुपारींत जमेल इतकी सोपी हवी. ती अवघड केली तर क्लबातले निम्मे लोक शिडीकडे बघणारच नाहीत. हंगाम सुरू झाल्यावर अटी बदलू नका. बदल पावसाळ्यात ठरवा आणि ऑक्टोबरपासून लागू करा.

उतरण्याचं वर्तुळ

कातळात खुंटी ठोकता येत नाही. सुंभाची ३ मीटर दोरी घ्या, एक टोक जड दगडाला बांधा आणि दुसरं टोक गोल फिरवत चुन्याची पातळ रेघ ओढा. ऑइल पेंट किंवा छिन्नी अजिबात नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर ठिकठिकाणी कातळशिल्पं आहेत. उक्षी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी इथली अनेकांनी पाहिलेली असतात. गवताखाली आणि मातीच्या थराखाली अजून न सापडलेली असू शकतात. खोदरेषा दिसली तर जागाच बदला.

वर्तुळ कड्याच्या धारेला लागून आखू नका. धारेच्या लगेच मागे हवा उलटी फिरते. त्या भोवऱ्यात विमान सापडलं की पंख अचानक कलतो आणि विमान कातळावर आपटतं. कडा जितका उभा आणि वारा जितका जोराचा, तितकं मागे सरका. जागा नक्की करण्यापूर्वी काठीला लोकरीची दोरी बांधून मागे चालत जा. जिथे दोरी समुद्राकडून जमिनीकडे सरळ उडू लागते, तिथे वर्तुळ. अंतर विमानाच्या नाकापासून वर्तुळाच्या मध्यापर्यंत, टेपने मोजा. पावलांनी मोजलेलं अंतर नोंदवहीत घेऊ नका.

कोणते विक्रम ठेवावेत

उंचीचा विक्रम ठेवू नका. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हरित क्षेत्रात (नकाशावरच्या ग्रीन झोनमध्ये) १२० मीटरपर्यंतच विनापरवानगी उडवता येतं, आणि मॉडेल नजरेच्या टप्प्यात ठेवावं लागतं. उंचीचा तक्ता लावला की पोरं हटकून ती मर्यादा ओलांडणार. चिपी आणि रत्नागिरी विमानतळांच्या आसपास निर्बंध आणखी कडक आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागेचा रंग पाहून मगच ती जागा क्लबाच्या यादीत घ्या.

सलग वेळेचा विक्रम चांगला, पण बॅटरीचा हिशेब पायलटकडून आधी लिहून घ्या. विमानातला रिसीव्हर आणि चार सर्वो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) मिळून सरासरी ४०० मिलीॲम्पिअर खेचत असतील, तर दोन तासांना ८०० मिलीॲम्पिअर-तास लागतात. निदान दुप्पट, म्हणजे १,६०० ची बॅटरी हवी, कारण खळबळत्या हवेत सर्वो सतत धडपडतात आणि खेच वाढते. ट्रान्समीटरची बॅटरी लोक विसरतात. तिचाही हिशेब घ्या.

दुसरी अडचण सूर्याची. आपले कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांत येतं. सूर्याच्या रेषेतून विमान गेलं की क्षणभर त्याची दिशा कळत नाही, आणि पायलट उलटा आदेश देतो. लांब उड्डाणाचा प्रयत्न वारा सुटताच, साडेबारा-एकच्या सुमारास सुरू करू द्या. उन्हं उतरल्यावर सुरू केलेला प्रयत्न विक्रमासाठी धरू नका.

वेगाची हौस असेल तर एफएआयच्या एफ३एफ या उतारावरच्या वेगाच्या स्पर्धाप्रकाराचा सांगाडा घ्या: १०० मीटरच्या दहा फेऱ्या, एकूण १ किलोमीटर, वारा सेकंदाला किमान ३ आणि जास्तीत जास्त २५ मीटर. क्लबासाठी १० मीटरच्या वर थांबलेलं बरं. दोन झेंडे, दोन शिट्ट्या आणि एक स्टॉपवॉच एवढ्यावर भागतं. झेंडेवाले धारेपासून तीन मीटर आत बसतील आणि प्रेक्षक पायलटच्या मागे राहतील. ही व्यवस्था होत नसेल तर त्या दिवशी वेग मोजू नका.

प्रत्येक विक्रम जागेनुसार आणि गटानुसार वेगळा ठेवा. फोमचं विमान, दोन मीटरपर्यंत पंखविस्तार, त्याहून मोठं, घरी बांधलेलं आणि १८ वर्षांखालील पायलट, एवढे गट पुरेत. गट कमी ठेवले तर महागडं कार्बनचं विमान असलेला एकजण सगळा तक्ता व्यापतो. फार वाढवले तर प्रत्येक रकान्यात एकच नाव उरतं आणि विक्रमाला किंमत राहत नाही. साक्षीदार दोन हवेत, आणि त्यातला निदान एक पायलटच्या घरातला नसावा.

सागरी गरुडाचं घरटं जवळ असेल तर ती जागा विणीच्या काळात यादीतून काढा. विक्रमासाठीही अपवाद नको.

सन्मान कुणाचा, कसा

पायरी पार झाली की महिन्याच्या आत प्रमाणपत्र हातात पडलं पाहिजे. सहा महिन्यांनी मिळालेल्या कागदाचं कौतुक उरत नाही. २५० जीएसएमच्या जाड कागदावर क्रमांक, तारीख, जागा, वारा आणि साक्षीदारांची नावं छापा. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘३२ मिनिटं, वायव्य वारा, सेकंदाला ६ मीटर’ असं लिहिलेलं लोक भिंतीवर लावतात. पावसाळ्यात लॅमिनेशन करू नका. ओलसर कागदाला आतून बुरशी येते.

वार्षिक पारितोषिकासाठी पत्र्याची चकचकीत ढाल टाळा, खाऱ्या हवेत तिच्यावर लवकर डाग पडतात. सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची परंपरा आपल्याच भागातली आहे. तिथल्या कारागिराकडून छोटा लाकडी ग्लायडर करून घ्या, किंवा गावच्या सुताराकडून फणसाच्या फळीवर नाव कोरून घ्या.

‘सर्वोत्कृष्ट पायलट’ हे एकच पारितोषिक ठेवलेल्या क्लबात तेच नाव वर्षानुवर्षं येतं आणि बाकीचे टाळ्या वाजवून थकतात. त्यापेक्षा स्वतःच्या आधीच्या वेळेत सर्वांत जास्त वाढ करणारा, सर्वांत जास्त वेळा साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आणि दुसऱ्यांची मोडलेली विमानं जोडून देणारा, यांना मान द्या. आणखी एक जरूर ठेवा: तपासणीत दोष सापडल्यावर उड्डाण स्वतःहून रद्द करणाऱ्याचा. उलटा लागलेला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) विमान सोडण्याआधी पकडणं हे दोन तासांच्या उड्डाणाइतकंच मोलाचं काम आहे.

क्लबपत्रिका

तीन महिन्यांतून एक अंक, आठ पानं, तेवढंच. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ पानं करा: दोन कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, मध्ये दोन पिना. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर कोरी पानं उरतात. मजकूर १२ पॉइंटचा युनिकोड ठेवा. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे फाँट बदलून जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून पीडीएफ करूनच द्या. फोटो ग्रुपवरून नेहमीसारखे मागवले तर ते दाबले जाऊन पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. ९ सेंटिमीटर रुंद छापायचा फोटो निदान १,०६० पिक्सेल रुंद असावा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय छापू नका.

पानांची वाटणी अशी जमते: पहिल्या पानावर एक मोठा फोटो आणि शिडीवर चढलेल्यांची नावं, दोन-तीनवर विक्रमांचा ताजा तक्ता, चार-पाचवर बांधणी किंवा दुरुस्तीचा एक सविस्तर लेख, सहावर एका जागेची माहिती, सातवर अपघातनोंदी, आठवर पुढच्या तारखा. बैठकीचं इतिवृत्त छापू नका, ते कुणी वाचत नाही.

अपघाताचं पान सर्वांत जास्त वाचलं जातं, म्हणून ते जपून लिहा. पायलटचं नाव नको. काय घडलं, का घडलं आणि पुढे काय तपासायचं, हे तीन परिच्छेद पुरेत. आपल्याकडे कारणं पुनःपुन्हा तीच येतात. खाऱ्या हवेने सर्वोच्या कनेक्टरवर हिरवा थर चढतो आणि जोड अधूनमधून तुटतो. वाळू गिअरमध्ये जाऊन सर्वो अडकतो. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या विमानाचा पंख पिळवटतो. एखाद्याला नावानिशी दोष दिला की पुढचा अपघात कुणी कळवत नाही, आणि पत्रिकेतलं सर्वांत उपयोगी पान रिकामं पडतं.

लेख मागताना ‘काहीतरी लिहा’ म्हणू नका, कुणी लिहीत नाही. ‘तुमच्या विमानाचा गुरुत्वमध्य कुठे ठेवला आणि तो का हलवला, दोनशे शब्दांत’ असं विचारा. ज्याला लिहिणं जमत नाही त्याला फोन करून बोलतं करा आणि तुम्ही लिहा, नाव त्याचं. अंकाची जबाबदारी दोघांवर असू द्या, कारण एकट्याच्या घरी लग्नकार्य निघालं की अंक बुडतो. उशीर झाला तर आठ पानांचा मजकूर चारांत बसवा, पण ठरल्या तारखेला अंक काढा.

हंगामाशी जुळवून घेणं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा बेभरवशाचा असतो. तेव्हा उतरण्याचा सराव आणि पहिली पायरी घ्या. थंडीत सकाळी मतलई वारे जमिनीकडून वाहतात, खारा वारा उशिरा सुटतो आणि हलका असतो. तिसऱ्या पायरीतली मंद वाऱ्याची कामगिरी याच दिवसांतली. मार्च ते मे लांब उड्डाणांचे आणि विक्रमांचे. शिमग्याला आणि मेच्या सुट्टीत चाकरमानी गावी येतात, तेव्हा साक्षीदारही भरपूर मिळतात.

मेअखेरीस घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, धांदल असते, त्यात क्लबाचंही एक काम घाला: नोंदवहीचं प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि विमानांच्या बॅटऱ्या काढून ठेवा. जून ते सप्टेंबर उड्डाण बंद. या काळातला अंक बांधणीला वाहिलेला काढा, आणि नोंदवहीवरून प्रत्येक सभासदाला वर्षभराचा त्याचा स्वतःचा हिशेब एका चिठ्ठीवर लिहून द्या: एकूण वेळ, सर्वांत लांब उड्डाण, पुढच्या पायरीला काय उरलं.

वार्षिक मेळावा गणपतीत ठेवा. दीड दिवसाच्या विसर्जनानंतर आणि गौरी येण्याआधी लोकांना थोडी उसंत असते. संध्याकाळी भजनं लागतात, म्हणून दुपारी तीनला सुरू करून पाचला संपवा. आधी पहिली पायरी पार केलेल्यांना बोलवा आणि मोठी पारितोषिकं नंतर द्या. नवी माणसं घरच्यांना घेऊन आलेली असतात आणि त्यांना लवकर परतायचं असतं. पुढच्या हंगामाच्या अटी त्याच दिवशी छापील कागदावर वाटा.