गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी : दोष नेमका कसा शोधावा

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, वीस-पंचवीस मिनिटं छान पळते आणि इंजिन तापलं की सिग्नलला किंवा चढावर मान टाकते. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्या बहुतेकांना ही तक्रार ओळखीची असेल. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड झालेली असते, तिथे सगळं ठीकच दिसतं. मग अंदाजाने कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदल, पंप बदल, कार्बोरेटर उघड असं सुरू होतं. पैसे जातात, दोष जागच्या जागी राहतो.

हा दोष पकडायची वेळ एकच आहे : गाडी बंद पडल्यानंतरची पहिली चार-पाच मिनिटं. इंजिन तापलेलं आहे आणि सुरू होत नाही, त्याच वेळी करंट येतोय की नाही आणि पेट्रोल येतंय की नाही, हे दोन प्रश्न सोडवायचे. खाली लिहिलंय ते पद्मिनी धरून लिहिलंय. पण पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर (त्या संपर्कांवरची ठिणगी दाबणारी छोटी डबी) आणि कार्बोरेटर असलेल्या अँबॅसडरला किंवा जुन्या स्टँडर्डलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी लक्ष द्या, हात नंतर लावा

गाडी बंद कशी पडते, हे चालवणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं कळतं. किल्ली फिरवून बंद केल्यासारखं इंजिन एका क्षणात थांबलं, तर संशय करंटवर. झटके देत, खोकत, दम तुटत थांबलं, तर पेट्रोल कमी पडतंय. रस्त्यावर नीट चालते आणि फक्त आयडलिंगला, म्हणजे पेडलवर पाय नसताना, सिग्नलवर बंद पडते, तर त्याची कारणं वेगळी, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. किती वेळाने पुन्हा सुरू होते, तेही लिहून ठेवा. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र अजिबात उघडू नका.

गाडीत काय ठेवायचं

प्लग पाना, एक जादा प्लग, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या), स्क्रू ड्रायव्हर, रबरी मुठीची पक्कड, एक चांगला कंडेन्सर, पाण्याची बाटली, सुती फडकं आणि झाकणाची काचेची बाटली. यासोबत आग विझवायचा छोटा सिलिंडर हवाच. तापलेलं इंजिन, पेट्रोल आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी आपण एकाच बॉनेटखाली हाताळणार आहोत. मदतीला एक माणूस घ्या, कारण सेल्फ मारायला कुणीतरी लागतंच.

चाचणीसाठी घराजवळचा, वर्दळ नसलेला रस्ता निवडा. गाडी बंद पडली की कडेला घ्या, न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा आणि लगेच कामाला लागा.

पायरी पहिली : करंट बघा

कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या (सगळ्या प्लगना करंट वाटणारा भाग) कॅपच्या मध्यभागी जाणारी जाड वायर कॅपमधून काढा. तिच्या टोकाला जादा प्लग लावा आणि प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या स्वच्छ धातूला पक्कं टेकवा. ही जागा कार्बोरेटरपासून लांब हवी, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री हवी. वायर रबरी मुठीच्या पकडीनेच धरा. आता सेल्फ मारायला सांगा.

निळसर, कडकडीत, टक-टक आवाज करणारी ठिणगी आली तर इथवर करंट ठीक आहे. वायर परत बसवा आणि हीच चाचणी एका सिलिंडरच्या प्लग वायरवर करा. तिथे ठिणगी नसेल तर बहुधा कॅपखाली फिरणाऱ्या रोटरला किंवा कॅपला तडा आहे. दोन्हीकडे चांगली असेल तर थेट पेट्रोलकडे वळा. ठिणगी पिवळट, बारीक असेल किंवा नसेलच, तर पुढची पायरी.

पायरी दुसरी : टेस्ट लॅम्प

इग्निशन चालू ठेवून लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा. पेटला नाही तर करंट कॉइलपर्यंत येतच नाही. इग्निशन स्विच, फ्यूज आणि सैल पडलेले टर्मिनल बघा. जुन्या स्विचचे आतले संपर्क तापले की सुटतात, हे नेहमीचं आहे.

पॉझिटिव्हला पेटला तर तेच टोक कॉइलच्या निगेटिव्हला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर असते तिथे लावा आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, जळले आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थ वायर तुटली आहे. पेटलाच नाही तर ती बारीक वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे, कंडेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा कॉइलचं आतलं वेटोळं तुटलं आहे. निगेटिव्हवरची बारीक वायर सोडवून पुन्हा बघा. आता पेटला तर कॉइल शाबूत आहे, दोष पुढे आहे.

कंडेन्सर, माझा पहिला संशयित

बोटाच्या पेराएवढी ही डबी थंड असताना चोख काम करते आणि तापली की आतलं इन्सुलेशन दगा देतं. कॅप काढून पॉइंट अंधारात बघा. सेल्फ मारताना त्यांच्यात जाडसर, चकचकीत ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंटची तोंडंही बोलतात : एका तोंडावर खड्डा, समोरच्यावर बारीक टेकाड आणि भोवती निळसर-काळा डाग.

रस्त्यावर खात्री करायचा सोपा मार्ग आहे. जुन्या कंडेन्सरची वायर सुटी करा, पॉइंटची वायर मात्र जोडलेली राहू द्या. मग चांगल्या कंडेन्सरची वायर कॉइलच्या निगेटिव्हला जोडा आणि त्याची डबी बॉडीला घट्ट टेकवा. गाडी सुरू झाली तर चोर सापडला. नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर, असं मात्र समजू नका. बाजारात मिळणारे बरेच कंडेन्सर डबीतून काढल्यापासूनच कच्चे असतात, म्हणून चालत्या गाडीत पारखलेला एक जपून ठेवा. पॉइंट बसवताना गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर येतो, पण अंतिम आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा.

लॅम्प लुकलुकतोय, कंडेन्सर बदलला आणि तरीही ठिणगी नाही, तर कॉइल. वायरी सोडवून मल्टिमीटरने प्राथमिक वेटोळं मोजा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला थंडपणी साधारण ३ ओहम मिळतात. तापल्यावर आकडा थोडा वाढणार, पण अनंत दाखवत असेल तर वेटोळं तुटलं. इथे एक गोष्ट सर्रास चुकते. दुकानदार बॅलास्टवर चालणारी दीड ओहमची कॉइल देतो आणि ती बॅलास्टशिवाय बसवली जाते. तिच्यातून जवळपास दुप्पट करंट जातो, कॉइल भाजून निघते, पॉइंटही जळतात.

पायरी तिसरी : पेट्रोल बघा

करंट चांगला आहे, तर एअर फिल्टर काढा आणि इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चने बघा. अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली की पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे.

धार नाही म्हणजे बहुधा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचा साठा, रिकामा आहे. लगेच टाकीचं झाकण उघडा. हिस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू लागली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. हा सगळ्यात स्वस्त दोष, आणि तो सगळ्यात शेवटी बघितला जातो.

मग एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप. कॉइलची जाड वायर काढून तिचं टोक बॉडीला पक्कं अर्थ करा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाइप सोडवून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. जोरदार, ठराविक ठोक्याने धार आली पाहिजे. बुडबुडे किंवा नुसती वाफ येत असेल तर व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडली आहे. हा पंप इंजिनलाच जोडलेला असल्यामुळे इंजिनची उष्णता थेट घेतो. बोरघाट किंवा कसारा घाट चढताना पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी रीत त्यासाठीच. पाणी डिस्ट्रिब्युटरवर सांडू देऊ नका. फडक्याने पाच मिनिटांत फरक पडला तर निदान झालं, पण तो कायमचा इलाज नाही. पाइप एग्झॉस्टपासून लांब वळवा, उष्णतारोधक पत्रा लावा, पंपाचा डायफ्रॅम तपासा.

गार होऊनही धार अशक्तच असेल तर टाकीतला गंज आणि पंपाची जाळी बघा. टाकी ते पंप या भागातल्या रबरी नळीला बारीक चीर असेल तर ती पेट्रोल गळू देत नाही, हवा मात्र ओढते. त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घ्या. यात काटकसर करू नका, कारण फुटलेली नळी गाडी नुसती थांबवत नाही, पेटवूही शकते.

उलट धार भरपूर आहे, पेट्रोलचा वास येतोय आणि प्लग ओले काळे आहेत, तर इंजिनात पेट्रोल जास्त होतंय. चोकची पट्टी पूर्ण उघडते का, फ्लोटची सुई नीट बसते का, ते बघा. इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरतं, तेव्हाही असंच होतं. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पेडल पुन्हा-पुन्हा न दाबता सेल्फ मारा. कार्बोरेटरखालचा जाड बेकलाइटचा स्पेसर कुणी काढून टाकलेला नाही ना, याचीही खात्री करा.

फक्त सिग्नलला बंद पडत असेल तर

स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) काढून हवेने साफ करा. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे वापरू नका.

यातूनही सुटलं नाही तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांमधला गॅप. आवाज करणाऱ्या टॅपेटची सगळ्यांना काळजी वाटते, पण खरा धोका गप्प, घट्ट बसलेल्या टॅपेटचा असतो. व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि आयडलिंगला इंजिन तग धरत नाही. थंड आणि तापलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजून तुलना करा. गॅप मॅन्युअलमध्ये सांगितला आहे तसाच ठेवा. घट्ट टॅपेटवर चालवत राहिलात तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

खात्री

एका वेळी एकच वस्तू बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. मग गाडी त्याच रस्त्याने, त्याच उन्हात, तेवढाच वेळ चालवा. बंद पडली नाही तरी निकाल देऊ नका. कंडेन्सर किंवा कॉइल बदलली असेल तर जुनी परत बसवून पुन्हा तीच फेरी मारा. गाडी पुन्हा बंद पडली तरच तो भाग फेकून द्या. नाही पडली, तर दोष बहुधा तुम्ही भाग बदलताना हलवलेल्या एखाद्या सैल टर्मिनलमध्ये होता. आता ते शोधून घासा आणि घट्ट करा.