शनिवारी तळ्यावर वॉटर स्कीइंगला येणाऱ्या मंडळींसाठी

मंडळी, उन्हाळा लागला की दरवर्षी आपल्या ग्रुपात दोन-तीन नवीन घरं येतात आणि दरवर्षी मी प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगत बसतो, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढतोय, जरा मोठं झालंय पण शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी वाचाच. टॉवेल, सनस्क्रीन, थर्मासमधला चहा हे तुमचं तुम्हाला कळतं. मला बोलायचंय ते तळ्यावरच्या बाकीच्या लोकांबद्दल, म्हणजे गळ टाकून बसणारे, कयाकवाले, काठावर ज्यांची घरं आहेत ते, कारण या सगळ्यांच्यात आपल्या, म्हणजे बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरणाऱ्या स्कीवाल्यांचं नाव चांगलं नाहीये. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत, इतकं पाणी असूनसुद्धा आपली बोट रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरवायच्या उतारावर, आली की शेजारचा माणूस आधी कपाळाला आठ्या घालतो, हे मी किती वेळा बघितलंय.

मला याचं जास्त वाईट वाटतं कारण हा खेळ जन्मलाच इथे, आपल्यापासून दीड-दोन तासांच्या आत. १९२२ साली लेक सिटी गावात राल्फ सॅम्युअलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा, समोर मिसिसिपी नदी रुंद होऊन झालेलं लेक पेपिन, आणि डोक्यात एकच की बर्फावर स्की चालते तर पाण्यावर का नाही. आधी पिंपाच्या फळ्या लावून बघितल्या, मग बर्फाच्या स्की लावून बघितल्या, काही जमेना. शेवटी लाकडाच्या लांब फळ्या आणून त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात वाफवून वर वाकवली, भाऊ बोट चालवत होता, आणि २ जुलैला त्याच्या लक्षात आलं की टोकं पाण्याच्या वर ठेवून मागे रेललं की उभं राहता येतं. आपण आजही नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. ज्या राज्यात हे झालं तिथेच लोकांनी आपल्याला बघून तोंड फिरवावं हे काही बरं नाही.

आता असं का होतं ते सांगतो. चार वर्षांपूर्वी पहाटे आम्ही एका छोट्या तळ्यावर गेलो होतो, पाणी अगदी आरशासारखं, बोट मी चालवत होतो. लांब एका कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ छोट्या अॅल्युमिनियमच्या बोटीत नांगर टाकून एकटेच बसले होते. आमचा मित्र पडला, आणि मी काय केलं तर आहे त्या वेगात स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि त्याच्याकडे सुसाट गेलो, का तर बिचारा पाण्यात आहे, थंडी वाजत असेल. आमच्या त्या वळणाची जी लाट उठली ती हळूहळू पसरत त्या आजोबांपर्यंत गेली, बोट एका अंगाला कलली, बाकावरची गळांची पेटी उघडीच होती ती उलटली आणि सगळे हूक आणि शिसं खाली सांडलं. मी बघत होतो, ते वाकून एक-एक हूक उचलत होते, म्हाताऱ्या बोटांना ते सापडत नव्हते. दहा मिनिटांनी त्यांनी नांगर ओढला आणि जाता जाता आमच्या जवळून गेले, ओरडले वगैरे काही नाही, एवढंच म्हणाले की तुमचा माणूस पडणारच, वळताना जरा हळू वळत जा. त्यांचा दिवस मी खराब केला होता आणि ते मला सांगेपर्यंत मला कळलंही नव्हतं.

तेव्हापासून आपल्या बोटीचा पहिला नियम, आणि ड्रायव्हर होणाऱ्या प्रत्येकाने हा पाठच करा, माणूस पडला की आधी थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, खाली आणि मग स्टिअरिंग. यामागे कारण आहे. स्कीची बोट सरळ रेषेत तिच्या वेगात जाते तेव्हा तिच्या मागची लाट फार मोठी नसते, बोटीचा तळच तसा बनवलेला असतो, एका स्कीवर वळणं घेत जाणाऱ्या स्लॅलमवाल्यांना तर सपाटच पाणी हवं असतं. पण वेगात वळलात की बोटीचं बूड पाण्यात दबतं, ती पाणी नांगरत जाते, आणि त्या लाटा तळ्याच्या या काठावरून त्या काठापर्यंत जातात, तिथून आपटून परत येतात, मग आपल्याच पुढच्या माणसाला खडबडीत पाणी मिळतं. म्हणून सरळ रेषेतच वेग कमी करायचा, बोट पाण्यात बसली की सावकाश वळायचं आणि हळू हळू परत यायचं. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला अर्धा मिनिट जास्त थांबावं लागतं, बाकी काही नाही. फक्त एक अपवाद, पडलेल्या माणसाच्या दिशेने दुसरी बोट येताना दिसली तर मात्र लाटेबिटेचा विचार न करता त्याच्याजवळ जाऊन उभे राहा.

म्हणूनच ड्रायव्हर सोडून एक माणूस मागे तोंड करून बसलेला हवा, स्पॉटर. इथला कायदा म्हणतो एकतर असा माणूस हवा नाहीतर मागचं दिसणारा रुंद आरसा, पण आपल्या बोटीत माणूसच बसणार, आणि त्याने मोबाईल खिशातच ठेवायचा, व्हिडिओ काढायला तिसरा माणूस घ्या. खुणा शुक्रवारी घरीच मुलांसोबत करून बघा, अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, मानेवरून हात फिरवला की थांबा, डोक्यावर थापटलं की डॉकवर परत न्या. पडल्यावर लगेच दोन्ही हात डोक्यावर धरायचे म्हणजे मी ठीक आहे, आणि हे विसरू नका कारण हात दिसले नाहीत की स्पॉटरचा जीव वर-खाली होतो. त्यानंतर बोट येईपर्यंत एक स्की पाण्यातून उभी वर धरून ठेवा, पाण्यात नुसतं डोकं लांबून नारळाएवढं दिसतं, उन्हाच्या चमकेत तेवढंही नाही. माणूस पाण्यात आहे हे बाकीच्या बोटींना कळावं म्हणून भगवा झेंडाही मी आणतोय, कॅलिफोर्नियात तो कायद्यानेच लागतो, आपण आपल्यासाठी दाखवू. माणूस शिडीजवळ आला की इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नाही, किल्ली फिरवून पूर्ण बंद.

निघायच्या आधीची कामं थोडक्यात सांगतो. ज्या तळ्यावर जातोय तिथले स्थानिक नियम पब्लिक अॅक्सेसच्या, म्हणजे बोट उतरवायच्या सार्वजनिक जागेच्या फलकावर लावलेले असतात, कुठे वेळेचं बंधन असतं, कुठे ठराविक भागात लाट न उठवता हळू जायचं असतं, ते आधी वाचायचे. कॉलेजातल्या मुलांना बोट चालवायची असेल तर १ जुलै २०२५ पासून इथे नियम आलाय, ३० जून २००४ नंतर जन्मलेल्यांना कोर्स करून परमिट काढावं लागतं, आणि ही अट पुढे टप्प्याटप्प्याने मोठ्यांनाही लागत जाणारे, तेव्हा मोठ्यांनीही कोर्स करून टाका, काही बिघडत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात जॅकेट हवंच, त्यांच्या मापाचं, दादाचं ढगळ नको. पेट्रोल गावातल्या पंपावर भरून या. बिअरचं म्हणाल तर ती संध्याकाळी घरी, पाण्यावरही रक्तातल्या अल्कोहोलची ०.०८ ची मर्यादा गाडीसारखीच आहे, आणि आपल्या बोटीचा ड्रायव्हर त्या दिवशी थेंबही घेत नाही.

रॅम्पवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. लोक ट्रेलर उतारावर आणून मग पट्टे सोडतात, पिशव्या चढवतात, मुलांना जॅकेटं घालतात, मागे पाच गाड्या थांबलेल्या. हे सगळं वर पार्किंगमध्येच उरकून घ्यायचं आणि तिथेच ड्रेन प्लग, म्हणजे बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच, घट्ट लावायचा, एकाने लावायचा आणि दुसऱ्याने हात लावून बघायचा. मगच रिव्हर्स. परत येताना बोट ट्रेलरवर चढवायला इंजिनचा जोर लावू नका, विंचने, म्हणजे ट्रेलरवरच्या ओढायच्या चक्रीने ओढा, कारण पंख्याच्या मार्‍याने रॅम्पच्या काँक्रीटच्या पुढची माती उकरली जाते आणि तिथे खड्डा पडतो, मग पुढच्या कुणाच्या तरी ट्रेलरचं चाक त्यात अडकतं, आणि तो माणूस कुणाला शिव्या देणार ते सांगायला नको.

आता पाण्यावरचं अंतर. काठापासून, डॉकपासून आणि दुसऱ्या बोटींपासून निदान २०० फूट लांब राहायचं. पाण्यावर फूट मोजता येत नाहीत हे खरं आहे, पण आपला दोर ७५ फुटांचा आहे, तेव्हा तीन दोर डोळ्यांनी मांडून बघा, की झालं. ज्यांनी नवीन वेकसर्फची, म्हणजे बोटीच्याच लाटेवर सर्फिंग करायची बोट घेतलीये त्यांना मात्र तीन दोर पुरणार नाहीत, कारण त्या बोटी टाक्यांमध्ये पाणी भरून मुद्दाम जड करतात आणि मुद्दाम मोठी लाट काढतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी हे प्रत्यक्ष मोजलं, २०२२ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यांचं म्हणणं अशा बोटीने ५०० फुटांपेक्षा लांब राहावं, तेव्हा कुठे तिची लाट साध्या बोटीच्या २०० फुटांवरच्या लाटेइतकी शांत होते. म्हणजे सात दोर. छोट्या तळ्यात एवढी जागाच नसते, मग तिथे सर्फिंग नको, मोठ्या तळ्यावर जाऊ, हे मी स्पष्टच सांगतोय आणि यावर माझा वाद घालायचा मूड नाहीये. एकाच काठासमोरून सारख्या फेऱ्या मारायच्या नाहीत हेही त्यातच आलं, चार-पाच फेऱ्या झाल्या की जागा बदला.

वेळ. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून ते सूर्योदयापर्यंत कुणालाही ओढायला कायद्याने मनाई आहे, पण उजाडल्या उजाडल्या गेलो तरी लोक झोपलेले असतातच. आणि पहाटे पाण्यावरून आवाज फार लांब जातो, पाण्यालगतची हवा गार आणि वरची थोडी गरम असते त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो, आपण बोटीत नेहमीच्या आवाजात बोललेलं पलीकडच्या घरात बेडरूममध्ये ऐकू जातं. तेव्हा स्पीकर पूर्ण बंद, गाडीची दारं धाडधाड आपटायची नाहीत, कुणी पहिल्यांदा उभं राहिलं की ओरडावंसं वाटतं ते मला माहितीये, टाळ्या वाजवा. गणपतीच्या मिरवणुकीचा उत्साह नऊ वाजल्यानंतर.

गळ टाकणाऱ्यांचीही हीच वेळ असते, वॉलाय मासा पहाटे आणि संध्याकाळी मंद उजेडात चांगला लागतो, म्हणजे आपल्याला जे पाणी हवं तेच त्यांनाही हवंय. कुणी नांगर टाकून बसलेलं दिसलं की तळ्याच्या त्या कोपऱ्यात शिरायचंच नाही. मी तर आता पहिली फेरी मारायच्या आधी हळू बोट नेऊन, इंजिन बारीक ठेवून विचारतो, आम्ही त्या बाजूला आहोत, चालेल ना? बहुतेक वेळा हात हलवून हो म्हणतात, कुणीकुणी तर सांगतात की मी आठला जातोच आहे, मग ही बाजूही घ्या.

लून पक्ष्यांसाठी दुर्बिण आणा, मुलांना दाखवायला. हा इथला राज्यपक्षी, पाण्यात राजा, पण पाय इतके मागे असतात की जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून घरटं पाण्याच्या अगदी कडेला बांधतो. आपली एक मोठी लाट गेली की अंडी भिजतात किंवा वाहूनच जातात, आणि अंडी असतात साधारण दोनच. काठाच्या गवतात काळं डोकं स्थिर बसलेलं दिसलं किंवा पाठीवर पिल्लं घेऊन पोहणारी जोडी दिसली, की ड्रायव्हरने तो भाग सोडून द्यायचा, स्पॉटरने आठवण करायची.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटचं, आणि दमल्यावर तेच टाळलं जातं. पुण्याकडच्या लोकांना जलपर्णीने नदीचं काय होतं ते सांगायला नको, इथे तसंच यूरेशियन वॉटरमिलफॉइल नावाच्या गवताने केलंय, लेक मिनेटोंकात ते १९८७ मध्ये सापडलं, आणि २०१० मध्ये त्याच तळ्यात झेब्रा मसल सापडले. झेब्रा मसल म्हणजे नखाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला, आपल्या तिसऱ्यांपेक्षा लहान, पण खाता येत नाही आणि दगड, डॉक, बोटीचा तळ, पाइप, जे मिळेल त्याला थरावर थर चिकटतो, अनवाणी पाय टाकला की कापतो. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, बोटीत राहिलेल्या वाटीभर पाण्यातून दुसऱ्या तळ्यात पोचतात. म्हणून वर पार्किंगमध्ये आल्यावर ट्रेलरच्या चाकांतलं, लाइटच्या वायरींमधलं, पंख्याला गुंडाळलेलं गवत हाताने काढायचं, प्रत्येक काडी. प्लग काढून सगळं पाणी वाहू द्यायचं, सर्फवाल्यांनी टाक्याही रिकाम्या करायच्या, आणि प्लग काढलेलाच ठेवून रस्त्यावर यायचं, तसा इथे कायदाच आहे. रविवारी त्याच बोटीने दुसऱ्या तळ्यावर जाऊया असं कुणी म्हणेल तर नाही, निदान पाच दिवस वाळू द्यायची, दोर आणि जॅकेटंसुद्धा.

गवत काढायचं काम मुलांना द्या, ती मोठ्यांपेक्षा बारकाईने करतात, मागच्या वेळी जोशी वहिनींच्या धाकट्याने ट्रेलरच्या नंबरप्लेटच्या मागून काडी काढून दाखवली होती. प्लग माझ्या गाडीच्या किल्लीला लाल दोरीने बांधलेला असेल. शनिवारी सव्वापाचला पार्किंगमध्ये भेटू, हेडलाइट बंद करून हळू आत या.